वर्गणीचा पेला

परप्रांतात तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या मराठी माणसाला वर्गणीचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. गणेशोत्सवाचे पावतीपुस्तक, मंडळाच्या नाटकाची न खपलेली तिकिटे, ग्रंथालयाच्या कपाटासाठी दारोदार फिरविलेली यादी, यांपैकी काही ना काही त्याच्या हातात किंवा खिशात असतेच. बंगळुरात आम्ही या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो आहो. आम्ही मागावयास गेलो म्हणजे दार उघडणाऱ्याच्या मुद्रेवर प्रथम जी छाया पसरते, ती आता आम्हांस तोंडपाठ झाली आहे. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात आमच्या वसाहतीच्या समितीने बियरच्या चवी घेण्याचा एक कार्यक्रम योजला आणि त्याची तिकिटे चार दिवसांत संपली, तेव्हा आम्ही थक्क झालो. ज्या वर्गणीसाठी लोक आपण होऊन रांग लावतात, अशी वर्गणी आम्ही आयुष्यात पाहिली नव्हती.

वर्गणी होती अभ्यासिकेची. वसाहतीत धुणीभांडी आणि स्वयंपाक करावयास ज्या बाया येतात, त्यांची तीसएक मुले संध्याकाळी तळमजल्यावरील एका खोलीत अभ्यासास बसतात. दोन शिक्षक येतात. मुलांना पेलाभर रागी माल्टही मिळते. शिक्षकांना महिन्याला प्रत्येकी आठ हजार द्यावे लागतात आणि ते उभे करताना समितीची दरवर्षी तारांबळ उडते. आदल्या वर्षी लाडू विकून चौदा हजार मिळाले होते. म्हणजे एका महिन्याचे वेतनही सुटले नाही.

तरीही समितीच्या बैठकीत हा विषय सुखासुखी संमत झाला नाही. पालक्काडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका समितीत आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्या मुलांचे बाप पिऊन घरी येतात, त्यांच्या वह्यांचे पैसे आपण पिऊन उभे करावयाचे काय?" यावर कोणी म्हणाले, बियर ही काही दारू नव्हे. हे उत्तर इतके पोकळ होते की देणाऱ्यानेच पुढे ते आवरते घेतले. अखेर आमचे तमिळ खजिनदार, ज्यांनी जन्मात मद्याचा थेंब चाखलेला नाही, त्यांनी लाडवांचा हिशेब वाचून दाखविला आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला. आम्हीही केला. बाईंनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवावयास लावला.

कार्यक्रम जवळच्याच एका लहानशा बियरगृहात झाला. बियर तेथेच तयार होते आणि तेथेच विकली जाते. अशी बियरगृहे आता बंगळुरात ठायी ठायी आहेत. देशातील अगदी आरंभीचे एक मात्र 2009 साली पुण्यात निघाले, हे येथील मित्रांना ऐकविण्याची संधी आम्ही सोडत नाही. आमचे स्वतःचे बालपण मुंबईत 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत गेले. 'परमिट' हा शब्द घरात आवाज उतरवून उच्चारला जाई, आणि कायद्याने पाहू जाता महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना आजही लागतो. त्यामुळे दुपारच्या लख्ख उन्हात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमवेत, छातीवर नावाची चिठ्ठी लावून मद्यशाळेत शिरताना आम्हांस क्षणभर मागे वळून पाहावेसे वाटले, हे सांगितलेच पाहिजे.

काचेपलीकडे पोलादाच्या उंच टाक्या चकाकत होत्या. मंगळूरकडचा एक तरुण बियर कशी करतात ते समजावून सांगत होता. सातू भिजवावयाचे, मोड आणावयाचे, मग ते सुकवून भाजावयाचे, हेच माल्ट. मोड येताना धान्यात जी द्रव्ये तयार होतात, ती पुढे सुमारे 65 अंशांच्या कोमट-कढत पाण्यात पिठाची साखर करतात. तो गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळावयाचा, निववावयाचा आणि किण्व घालून आंबू द्यावयाचा. "इडलीचे पीठ रात्री फुगते ना, त्यातलाच प्रकार," असे तो म्हणताच आमच्या सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटले. भिजवून फडक्यात बांधलेली, मोड आलेली नाचणी आमच्या घरातही वाळत असे. तिचे सत्त्व दोन्ही मुलांनी खाल्ले आहे. अभ्यासिकेतील मुले जे रागी माल्ट पितात, आणि कर्नाटकातील सरकारी शाळांत जे दुधात घालून देण्यास 2024 साली सुरुवात झाली, त्यातले माल्ट आणि या टाक्यांतले माल्ट एकाच गोत्रातले. मोडापर्यंत दोघांची वाट एक आहे. पुढे एक बाळाच्या वाटीत जाते आणि दुसरे आमच्या पेल्यात आले.

पेले पाच होते, प्रत्येकी चार घोटांचे. गव्हाच्या बियरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता. वास्तविक तीत केळेही नव्हते आणि लवंगही, ती सारी किण्वाची करामत. काळ्याभोर स्टाउटमध्ये करपेपर्यंत भाजलेल्या सातूचा कडवट कॉफीसारखा स्वाद होता. सर्वांत कडू निघाली ती 'इंडिया पेल एल'. हिच्या नावात आपला देश आहे एवढेच. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातील हॉजसनचा कारखाना केप वळसा घालून येणाऱ्या जहाजांवर जी बियर इकडच्या गोऱ्यांसाठी पाठवी, तिच्या कुळातली ही. दोनशे वर्षांनी ती आम्ही पैसे मोजून, दानधर्म म्हणून पीत होतो. आंब्याची एक होती, ती लोकांना फार आवडली. आम्हांला ती सरबताची बिघडलेली बहीण वाटली.

खरी मौज माणसांची होती. लिफ्टमध्ये दहा वर्षे केवळ मान हलविणारे गृहस्थ तिसऱ्या पेल्याला आपल्या गावची नदी सांगू लागले. कानडी, तेलुगू, बंगाली, सगळ्यांचे हिंदी सारखेच मोडके झाले. अभ्यासिकेचा उल्लेख मात्र खजिनदारांच्या दोन मिनिटांच्या भाषणानंतर कोठे ऐकू आला नाही.

आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाई भालकीकडच्या, मराठी बोलतात. त्यांचा मुलगा अभ्यासिकेत जातो. दुसऱ्या दिवशी पोळी लाटता लाटता त्यांनी विचारले, "काका, कितीचं होतं म्हणं तिकीट?"

"दीड हजार," आम्ही म्हणालो. आमच्या घरच्या कामाचे त्यांना महिन्याला तीन हजार मिळतात.

त्या काही बोलल्या नाहीत. तव्यावरची पोळी उलटून झाल्यावर म्हणाल्या, "आमच्या मालकाचं आधी पाकीट होतं. सरकारनं पाकीट बंद केलं, मंग बाटली आली. बाटली महाग." कर्नाटकात 1 जुलै 2007 पासून सारायीवर बंदी आली, तो इतिहास आम्ही वर्तमानपत्रात वाचला होता. त्यांनी तो चार वाक्यांत, स्वतःच्या मजुरीच्या हिशेबाने सांगितला.

"मग हे पैसे घेतले ते तुम्हांला पटले नाही का?" सौभाग्यवतींनी विचारले.

"घ्या की, अक्का. आमच्या घरचं पंधरा वर्सं तिकडं गेलं. तिकडचं थोडं इकडं येऊ द्या. मास्तर रोज आला पायजे बघा, न्हाई तर लेकरं खाली गाड्यांपाशी बसत्यात." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर त्या दारावरचं चित्र काढा. माझं लेकरू विचारायलंय, हे काय हाय म्हणून."

चित्र म्हणजे कार्यक्रमाचे भित्तिपत्रक, फेसाळ पेल्याचे. ते अभ्यासिकेच्या दारावर कोणी तरी डकविले होते. ते आम्ही त्याच दिवशी काढले. पण प्रश्न तेवढ्यावर मिटणारा नव्हता. बियरगृहाच्या मालकाने बियर निव्वळ खर्चाच्या भावात दिली होती आणि आपल्या नावाची एक लहानशी पाटी अभ्यासिकेच्या भिंतीवर असावी, एवढीच त्याची इच्छा होती. ती अवाजवी म्हणता येत नव्हती. समितीत बहुतेकांचे मत पाटी लावावी असे दिसले. कृतघ्नपणा कोणालाच नको होता. आम्ही पोळ्यांच्या बाईंचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. ज्या बाईंनी पैसा नाकारला नाही त्यांना मुलाच्या डोळ्यांसमोर ते नाव नको आहे, आणि या बाबतीत मत त्यांचे चालावे, आपले नव्हे, असे आमचे म्हणणे होते. मुख्याध्यापिका आमच्याकडे पाहत राहिल्या. खजिनदारांनी पाटी समितीच्या कार्यालयात लावण्याची तोड काढली. मालकाला हे सांगण्याचे काम अर्थात आमच्यावर आले. तो ऐकून थोडा हिरमुसला. मग "चालेल" म्हणाला आणि आम्हांला कॉफी पाजली.

हिशेब परवा मिळाला. एकशे चाळीस तिकिटांचे दोन लाख दहा हजार. बियरचा खर्च बत्तीस हजार वजा जाता एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार शिल्लक. दोन्ही शिक्षकांचे अकरा महिन्यांचे वेतन देऊन वर दोन हजार उरतात. बाराव्या महिन्याचे काय, हे ठरविण्यासाठी समिती येत्या रविवारी बसावयाची आहे. मुख्याध्यापिकांनी लाडवांची सूचना लेखी पाठविलीच आहे; या खेपेस डिंक घालावा, असेही त्यांनी खाली लिहिले आहे.