एम-वनची केटी आणि थर्ड इयरचं बंद दार

ऐरोलीत इंजिनिअरिंगची पोरं भेटली की "किती केट्या?" हा प्रश्न आता "जेवलास का?" इतका सहज विचारला जातो. रविवारी मी सोसायटीतल्या चार-पाच जणांना गणित शिकवतो. त्यातल्या एकाची एम-वन राहिली होती. सेकंड इयर झालं, पण थर्ड इयरला प्रवेश नाही. पोरगा वर्षभर घरी आणि वडिलांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज.

मुंबई विद्यापीठाचा नियम असा, की पहिल्या दोन सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला जाता येत नाही. नियम चुकीचा नाही. पाया कच्चा असताना वरचा मजला चढवू नये हे खरंच. पण मंडळी, पाया कच्चा आहे हे दोन वर्षांनी का सांगायचं? पहिल्याच आठवड्यात का नाही?

प्रवेशाला बारावीत ४५ टक्के (राखीव गटाला ४०) आणि सीईटी लागते. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि हातात येतं पर्सेंटाइल. म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत आपण कुठे, ते कळतं. त्रिकोणमिती येते का, ते कळत नाही. एम-वनमध्ये मात्र कॉम्प्लेक्स नंबर आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह. ज्याचं अकरावी-बारावीचं गणित पाठांतरावर निघालं, तो तिथेच गळपटतो. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणाऱ्यांसमोर तर एकदम लाप्लास आणि फुरिअर!

मार्च २०२१ मध्ये एआयसीटीईने बारावीला गणित-भौतिकशास्त्र नसलेल्यांनाही काही शाखांचं दार उघडायचं ठरवलं, ब्रिज कोर्सच्या भरवशावर. केवढा गदारोळ झाला! पण खरं सांगू? ज्यांनी बारावीला गणित घेतलंय, त्यातल्या कितीतरी जणांनाही ब्रिज कोर्स हवाच आहे.

त्यासाठी वेळही आहे. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम एआयसीटीईनेच सांगितलाय. त्यात एक दिवस बारावीच्या गणिताची साधी चाचणी घ्या. मार्क कुठेही धरू नका. जे अडखळतील त्यांना सेमिस्टरभर रोज एक तास जादा शिकवा. याला नवी इमारत लागत नाही, एक शिक्षक आणि एक वर्ग पुरतो.

पालकांनो, प्रवेश घेताना प्लेसमेंटचा आकडा विचाराच. पण त्याआधी विचारा, गेल्या वर्षी एम-वनला किती मुलं बसली, किती पहिल्या फटक्यात सुटली, आणि राहिलेल्यांसाठी कॉलेजने काय केलं? उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये लिहा. पुढच्या पोरांच्या कामाला येईल.