तिशीतली आई

१९ मे २०२५, सोमवार

काल रीमा लागूला जाऊन आठ वर्षं झाली. फोनवर दिवसभर एकच फोटो फिरत होता, सलमान खानला जवळ घेतलेला, आणि खाली ‘बॉलिवूडची लाडकी आई’. आज दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. त्यांना रीमावर लेख हवाय. म्हणाल्या, “आईवरच लिहा, वाचकांना तीच आठवते.” लिहितो म्हटलं. पण वाचकांना तीच का आठवते, ते आधी बघायला हवं.

२० मे, मंगळवार

वयांचा हिशेब मांडला. रीमाचा जन्म २१ जून १९५८चा. ‘कयामत से कयामत तक’ एप्रिल १९८८मध्ये लागला तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती, आणि पडद्यावर ती २० वर्षांच्या जुही चावलाची आई होती. पुढच्या वर्षाच्या अगदी शेवटी ‘मैंने प्यार किया’ आला. मुलगा २४चा, आई ३१ची. दहा वर्षांनी ‘वास्तव’. त्यातला तिचा मुलगा संजय दत्त तिच्याहून जेमतेम १३ महिन्यांनी लहान.

हिंदी सिनेमात हे नवीन नाही. ‘दीवार’मधली निरुपा रॉय अमिताभहून अवघ्या बारा वर्षांनी मोठी होती. पण ती तेव्हा ४४ वर्षांची होती आणि पौराणिक चित्रपटांतून नायिका म्हणून एक अख्खी कारकीर्द करून आईपणाकडे वळली होती. रीमाला हिंदीत ती पहिली पायरी मिळालीच नाही. थेट माडीवर नेऊन बसवलं.

एक मात्र खरं, तिने ती आई बदलली. शिवणाच्या मशीनवर वाकलेली, खोकणारी, देवासमोर डोकं आपटणारी बाई तिच्याबरोबर मागे पडली. ही आई नीटनेटकी साडी नेसते, मुलाची थट्टा करते, त्याचं प्रेमप्रकरण त्याच्या बापाच्या आधी ओळखते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नायकही पोरसवदा झाले होते, आमिर २३चा, सलमान २४चा. त्यांच्या घरात पैसा होता. अशा घरात निरुपा रॉय बसली नसती.

आज ‘मैंने प्यार किया’ पुन्हा लावला तो फक्त तिच्यासाठी. गाणी पळवली. केस पांढरे करण्यावर तिची भिस्त नाही. चालणं थोडं सावकाश, आवाज अर्ध्या पट्टीने खाली, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे पूर्ण लक्ष देऊन ऐकणं. आईचं वय तिने ऐकण्यातून उभं केलंय. तिशीतल्या नटीला हे कसं जमलं, याचं उत्तर सिनेमात सापडणार नाही.

२२ मे, गुरुवार

उत्तर तिच्या घरात सापडतं. आई मंदाकिनी भडभडे, रंगभूमीवरची नावाजलेली नटी. वसंत कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाली’मुळे लोकांना ठाऊक. नाटक मूल नसलेल्या जोडप्याचं, आणि त्यातल्या नटीची लेक पुढे अर्ध्या हिंदुस्थानची आई झाली. असली गंमत लेखकाने रचली असती तर मी ती खोडली असती.

रीमाचं मूळ नाव नयन भडभडे. शाळा पुण्याची हुजूरपागा. मग १९७९मध्ये मुंबईत युनियन बँकेत नोकरी, आणि त्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये छोटी भूमिका. बँकेतली नोकरी ही त्या पिढीच्या मराठी नटांची खरी शिष्यवृत्ती. बँकांना आंतरबँक नाट्यस्पर्धेत करंडक हवा असायचा आणि नटांना महिन्याच्या महिन्याला पगार. दिवसा काउंटर, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवारी प्रयोग. नाटकावर घर चालत नव्हतं, म्हणून बँकेने नाटक चालवलं. या आश्रयाबद्दल आपल्याकडे कुणी नीट लिहिलेलं नाही. रीमा जवळपास दहा वर्षं त्या नोकरीत होती. विवेक लागूही तिथलेच, आणि नाटकवालेच. लग्नानंतर नयनची रीमा लागू झाली. पुढे दोघं वेगळे झाले. त्यात मला लिहिण्यासारखं काही दिसत नाही.

सिनेमातली सुरुवात आईची नव्हती, हेही नोंदवून ठेवतो. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये ती नाचणारी आहे. श्याम बेनेगलांच्या ‘कलयुग’मध्ये आहे, अरुणाराजेंच्या ‘रिहाई’तही आहे. ही तिन्ही नावं श्रद्धांजलीच्या त्या फोटोंखाली कधी येत नाहीत.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मे महिन्यातच मान्सून मुंबईत! भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरल्याची दृश्यं दिवसभर टीव्हीवर. बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. जयवंत दळवींचं ‘पुरुष’ काढून बसलो.

अंबिका ही तत्त्वनिष्ठ शिक्षकाची मुलगी, स्वतःही शिक्षिका. गुलाबराव हा राजकारणातला बडा माणूस, तिच्यावर बलात्कार करतो. कायदा, समाज, जवळची माणसं एकेक करून हात झटकतात आणि शेवटी अंबिका त्याचं पुरुषपणच संपवते. दिग्दर्शन विजया मेहतांचं, गुलाबराव नाना पाटेकर, अंबिका रीमा लागू. नानाचा गुलाबराव दंतकथा झाला, कारण ती भूमिकाच प्रेक्षकाला खुर्चीत दाबून बसवणारी. पण आज संहिता वाचताना वाटलं, नाटकाचा सगळा भार अंबिकेवर आहे. पहिल्या अंकात ती इतकी साधी, हसरी, घरातली वाटली पाहिजे की शेवटच्या कृत्यापर्यंतचा तिचा प्रवास प्रेक्षकाला पटला पाहिजे. किंचाळून चालणार नाही. गप्प राहूनही चालणार नाही.

मी ते पाहिलेलं नाही. गावाकडे होतो, आणि आमच्याकडे दौऱ्याचा प्रयोग आला तोवर नटसंच बदलला होता. शेजारच्या काकूंनी पाहिलंय. पावसामुळे त्याही घरीच होत्या, म्हणून विचारलं.

“रीमा कशी होती हो?”

“अरे, शेवटी टाळ्याच नाही वाजल्या. पडदा पडला तरी लोक बसून. मग कुणीतरी सुरुवात केली. मी तर ह्यांच्याशी घरी येईपर्यंत बोलले नाही.” काका आतून म्हणाले, “दुसऱ्या दिवशीही नाही.”

रीमाच्या अभिनयावरची मी आजवर ऐकलेली ही सगळ्यात चांगली समीक्षा.

२७ मे, मंगळवार

‘सविता दामोदर परांजपे’ मात्र मी पाहिलंय, दादरला शिवाजी मंदिरात. शेखर ताम्हाणेंचं नाटक, १९८५चं. संसारी बाईच्या शरीरात एक मेलेली बाई वस्तीला आलेली. आजचा दिग्दर्शक धूर सोडेल, निळा प्रकाश टाकेल. तिथे रीमाची मान एका बाजूला झुकायची आणि आवाज बदलायचा, बस्स. आवाज घोगरा वगैरे नाही. उलट जास्त स्वच्छ, जास्त सुखी. त्या सुखाचीच भीती वाटली होती. २०१८मध्ये यावर मराठी सिनेमा निघाला. तो पाहताना मी सारखा ती मान शोधत होतो.

३१ मे, शनिवार

‘श्रीमान श्रीमती’. दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात लागायची, लॉकडाऊनमध्ये २०२०ला पुन्हा लावली होती. केशव कुलकर्णी म्हणजे जतीन कनाकिया, त्याची बायको कोकिला म्हणजे रीमा, शेजारी नटी प्रेमा शालिनी म्हणजे अर्चना पूरणसिंग आणि तिचा घरबशा नवरा दिलरुबा म्हणजे राकेश बेदी. दोन्ही नवऱ्यांचं लक्ष शेजारच्या बायकोवर. कल्पना पाहिली तर चावट, आणि आजच्या डोळ्यांनी काही विनोद टोचतातही. पण रीमाची कोकी पाहा. चौघांत सर्वांत कमी हातवारे करणारी तीच आहे. बाकीचे तिघे विनोद करतात, ही विनोदावर विश्वास ठेवते. नवऱ्याच्या थापा तिला खऱ्या वाटतात म्हणून प्रसंग पुढे सरकतो. विनोदी नाटकात अशा नटाचं कुणी नावच घेत नाही. तो नसला की मात्र प्रयोग पडतो.

हिंदी सिनेमात ती ‘हम आपके हैं कौन’मध्ये माधुरीची आई होती त्याच सुमाराला छोट्या पडद्यावर ही कोकी. एकाच बाईला मोठा पडदा पोक्त करत होता आणि लहान पडदा तिचं खरं वय तिला परत देत होता.

१ जून, रविवार

‘तू तू मैं मैं’ सकाळपासून लावली, तर घरातली सगळी भोवती येऊन बसली. सचिनचं दिग्दर्शन, सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगावकर, सासरे कुलदीप पवार. सासू देवकी म्हणजे रीमा. इथेही सासू-सुनेत अंतर फक्त नऊ वर्षांचं.

या मालिकेचं महत्त्व मला आज नव्याने कळलं. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जुलै २०००मध्ये सुरू झाली आणि सासू-सून म्हणजे कारस्थान, इस्टेट, विषाचा पेला असं ठरून गेलं. त्याआधी देवकी आणि राधा भांडत होत्या त्या भाजीत मीठ कुणी घातलं, पाहुण्यांसमोर कोण काय बोललं, नवरा कुणाच्या बाजूचा यावर. म्हणजे घरोघरी ज्यावर भांडतात त्यावरच. दोघी मराठी रंगभूमीच्या वाऱ्यातल्या, त्यामुळे टोला परतवण्याची वेळ अचूक. सुप्रियाचं वाक्य संपायच्या आत रीमाचा चेहरा उत्तर देऊन मोकळा. वाक्य नंतर येतं, ते नुसतं पावती म्हणून. आमची हिंदी न कळणारी आजी ही मालिका न चुकता बघायची आणि सुनेकडे, म्हणजे माझ्या आईकडे, बघून हसायची. आई हसायची नाही.

माझं मत आता पक्कं झालंय. रीमाचं जे काम आज आपल्याला पाहता येतं, त्यात सर्वांत चांगलं हे आहे. ‘मैंने प्यार किया’ नव्हे.

४ जून, बुधवार

‘वास्तव’. महेश मांजरेकर, १९९९. गिरणगावातल्या चाळीतलं मराठी घर, बाप शिवाजी साटम, आई रीमा. हिंदीतल्या तिच्या आयांमध्ये ही एकटीच खरोखर मराठी. लादीवर बसून जेवते, मुलगा गुंड झाला तर आधी नाही म्हणते, मग पैसा येतो तसा तिचा नकार झिजतो. तो झिजणारा नकार हेच या भूमिकेतलं अवघड काम. शेवटी भेदरलेला, वेडाच्या काठावर पोचलेला मुलगा तिच्याकडेच मरण मागतो आणि ती गोळी झाडते.

‘मदर इंडिया’त नर्गिसने मुलावर गोळी झाडली ती गावाच्या अब्रूसाठी. ‘वास्तव’मधल्या आईसमोर अब्रूचा प्रश्न नाही. मुलाचे हाल थांबवायचे आहेत, एवढंच. रीमा तो प्रसंग रडत करत नाही, मुलाला औषध पाजणाऱ्या बाईसारखा करते. ‘मैंने प्यार किया’पासून दहा वर्षं जी आई साठवत आणली, ती तिने इथे एका झटक्यात खर्चून टाकली.

७ जून, शनिवार

फिल्मफेअरची जुनी यादी चाळली. सहायक अभिनेत्रीसाठी तिला चार नामांकनं होती: ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’, ‘वास्तव’. पारितोषिक एकदाही मिळालं नाही. ‘आशिकी’च्या वर्षी ते रोहिणी हट्टंगडींना मिळालं, ‘अग्निपथ’साठी, तेही आईच्याच भूमिकेला. दुर्गा खोटे, ललिता पवार, सुलोचनाबाई, रोहिणीताई, रीमा. हिंदी सिनेमाने आया मराठीतून नेल्या. पाठांतर चोख, वेळेवर हजर, कुरकुर नाही, मानधन बेताचं. नायिका मात्र त्याला क्वचितच इथून न्यावीशी वाटली.

८ जून, रविवार

शेवटचं पान ‘नामकरण’चं. स्टार प्लसवरची मालिका, २०१६पासून. दयावंती मेहता, कठोर आजी. एकेका वाक्यावर तीनदा क्लोजअप आणि वर ढणढणाट. ‘तू तू मैं मैं’ करणाऱ्या बाईला हे करताना बघणं मला जड गेलं. पण एक दृश्य थांबवून पाहिलं. कॅमेरा तिच्याकडे नाही, कडेला आहे ती, आणि तरीही समोरचीचं ऐकतेच आहे. १७ मे २०१७ला ती याच मालिकेचं चित्रीकरण करत होती. त्या रात्री छातीत दुखू लागलं, इस्पितळात नेलं, १८ तारखेच्या पहाटे हृदयविकाराने गेली. वय ५८, म्हणजे पडद्यावरच्या आईचं वय तिला कुठे आता लागलं होतं. मालिका थांबली नाही. दयावंतीच्या भूमिकेत रागिणी शाह आल्या. मुलगी मृण्मयी पुढे ‘थप्पड’ची सहलेखिका झाली. संसारातल्या एका चपराकीवर उभा असलेला तो सिनेमा रीमाने पाहायला हवा होता.

संपादकबाईंना सांगितलं, लेख आईवर नसेल. त्या म्हणाल्या, मग फोटो कुठला लावायचा? ‘पुरुष’चा, म्हटलं. त्यांच्याकडे नाही. माझ्याकडेही नाही.

म्हणून ही पाने वाचणाऱ्यांना एक विनंती. ज्यांनी रीमा लागूची अंबिका पाहिली असेल, त्यांनी जे आठवतं ते वहीत उतरवून काढावं: उभी कशी राहायची, कुठल्या वाक्याला थिएटर गप्प झालं, पडद्यानंतर काय झालं. हस्तपत्रकं, वर्तमानपत्रातली जाहिरात, तिकिटाचा अर्धा तुकडा, काही असेल तर रद्दीत घालू नका. तारीख लिहून जपून ठेवा.