वालीवला आलेला पाहुणा रात्री झोपतो कुठे?

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक बोर्ड आहे. 'फ्लॅट रोजच्या भाड्याने देण्यास सक्त मनाई. रात्री 10 नंतर बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश नाही. हुकुमावरून, सेक्रेटरी.' हा मजकूर माझा आहे. बोर्ड लावून तीन वर्षं झाली, कोणी हरकत घेतली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहितोय त्यात चूक कोणाची हे शोधताना मला वगळू नका.

मी राहतो वसई पूर्वेला, नोकरी वालीवला. औषध कंपन्यांना लागणारी यंत्रं बनवणारा छोटा कारखाना आहे, चाळीसेक माणसं. ज्यांनी वालीव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात एका खाजगी इस्टेटीला लागून दुसरी, आत ओळीने गाळे. बाहेरून पत्रे, चिखल आणि ट्रक दिसतात. पण पावडर मिसळणारी, गोळ्यांवर कोटिंग चढवणारी, बाटल्या भरणारी कितीतरी यंत्रं याच गाळ्यांतून देशभर आणि देशाबाहेर गेलेली आहेत.

यंत्र तयार झालं की ते उचलून पाठवता येत नाही. ग्राहकाचा माणूस येऊन तपासतो. धंद्यात याला एफएटी म्हणतात. तो ड्रॉइंगशी मापं ताडून बघतो, एसएस 316 पत्र्याची सर्टिफिकेटं बघतो, वेल्डिंगवर टॉर्च मारतो, यंत्र आधी रिकामं आणि मग माल घालून चालवतो. तीन-चार दिवस जातात. त्याची सही झाली की यंत्र निघतं आणि उरलेले पैसे येतात. आमचे पगार त्या सहीवर असतात.

तर असा माणूस हैदराबादहून, बद्दीहून, अहमदाबादहून येतो. वसई रोडला उतरतो किंवा विमानतळावरून येतो. तीन-चार रात्री तो राहणार कुठे, ही व्यवस्था माझ्याकडे. महागडं हॉटेल लांब आणि बजेटबाहेर. हायवेवरची लॉज कशासाठी चालतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मग उरतात ते 'सर्व्हिस अपार्टमेंट'. नाव मोठं आहे, पण असतो आपल्यासारखाच वन बीएचके. कोणीतरी दोन-चार फ्लॅट भाड्याने घेतो, एसी, वायफाय, वॉशिंग मशीन बसवतो, सकाळी एक मावशी येऊन झाडलोट करते, पोहे-चहा करून देते. पाहुण्याला घरासारखं वाटतं, आमचं काम भागतं. दोन वर्षं आमचं असंच चाललं होतं.

गेल्या जुलैत हैदराबादहून एक मॅडम आल्या. क्वालिटी विभागातल्या, एकट्याच. विमान उशिरा, वर पाऊस, घोडबंदरपासून पुढे हायवे जाम. त्या पोचल्या तेव्हा पावणेअकरा झाले होते. मी गेटवर छत्री घेऊन उभा. वॉचमनने गेट उघडलं नाही. त्याच संध्याकाळी तिथल्या कमिटीची मीटिंग झाली होती, रोजच्या भाड्याचे फ्लॅट बंद. सेक्रेटरी खाली आले. सभ्य गृहस्थ. म्हणाले, "साहेब, तुमच्याबद्दल काही नाही, पण नियम सगळ्यांना सारखा. रात्री दहानंतर बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश नाही."

माझंच वाक्य माझ्यासमोर उभं होतं. मी काय वाद घालणार?

हायवेच्या एका लॉजवर गेलो. मॅडमनी काउंटरवरूनच आत पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "इथे नको." मग मी त्यांना घरी नेलं. बायकोने वरण-भात टाकला, मुलीची खोली रिकामी करून दिली. स्वतःच्याच बोर्डखालून, रात्री बारा वाजता, बाहेरच्या व्यक्तीला घेऊन मी आत गेलो. वॉचमन उठून उभा राहिला आणि सलाम केला.

तुम्ही म्हणाल, झालं की, माणुसकीने प्रश्न सुटला. नाही सुटला.

तपासणीत त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एका गॅस्केटचं सर्टिफिकेट नव्हतं, आणि गार्डचा दरवाजा उघडा असतानाही यंत्र चालू राहत होतं. दुसरी चूक गंभीर, कोणाचा तरी हात जाईल अशी. दोन्ही त्यांनी लिहिल्या. शेवटी मला विचारलं, "राहण्याचं बिल?" मी म्हटलं, घरचं कसलं बिल! त्या गप्प झाल्या. मग समजावून सांगितलं, की ज्याचा माल तपासायचा त्याच्या घरी राहणं त्यांच्या कंपनीच्या नियमात बसत नाही. त्यांनी बायकोला बळेबळे पंधराशे रुपये दिले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, 'निवास: विक्रेत्याच्या प्रतिनिधीच्या घरी.' खोटं बिल हवं असतं तर नाक्यावर दहा मिनिटांत मिळालं असतं. त्यांनी मागितलं नाही.

त्यांच्या ऑफिसने तो रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दुसरा माणूस पाठवायचं ठरवलं. तो बारा दिवसांनी आला. आमची दुरुस्ती दोन दिवसांत झाली होती, बाकीचे दहा दिवस यंत्र प्लॅस्टिक गुंडाळून गाळ्यात उभं. त्या महिन्याचे पगार आठवडाभर लांबले. आणि एका चोख बाईला तिच्या ऑफिसात खुलासा द्यावा लागला, कारण आमच्या गावात तिला एक खोली मिळाली नाही.

आता माझ्या बोर्डकडे येतो. तो मी उगाच लावला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रोज भाड्याने जायचा. रात्री एकला बेल चुकून शेजारच्या आजींच्या दारावर. पाणी टँकरचं, खर्च सगळ्या घरांवर सारखा, आणि त्या फ्लॅटमध्ये रोज नवी आंघोळ, रोज चादरी धुणं. धंदा चालू, पण वीजबिल घरगुती दराने. आदर्श उपविधींप्रमाणे मालकाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवलं की पुरे, आणि सोसायटीला बिनभोगवटा शुल्क म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे नियम अकरा महिन्यांचा भाडेकरू डोळ्यांसमोर ठेवून केलेले. तीन रात्रींचा पाहुणा त्यांत कुठेच नाही. मग कमिटीच्या हातात एकच गोष्ट उरते, गेट.

करातही तसंच. 18 जुलै 2022 पासून जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीने राहता फ्लॅट भाड्याने घेतला तर 18 टक्के कर कंपनीनेच भरायचा. हॉटेलच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के. छोटा कारखानदार काय करतो? रोख देतो, कागद करत नाही. कागद नाही म्हणजे पोलिसांकडे नोंद नाही. परदेशी पाहुणा उतरवला तर चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. ती अशा फ्लॅटमधून कोण करणार? राज्याच्या पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, पण ती पर्यटकासाठी. आमचा पाहुणा वसईचा किल्ला बघायला येत नाही, वेल्डिंग बघायला येतो.

मला वाटतं, मूळ गोष्ट जुनी आहे. 1867 साली विरारहून मुंबईला पहिली लोकल सुरू झाली, सकाळी तिकडे आणि संध्याकाळी परत. तेव्हापासून आपण धरून चाललोय, की वसईचा माणूस कामाला बाहेर जातो आणि झोपायला इथे येतो. आपले रस्ते, रिक्षा, सोसायट्या, गेट बंद करायची वेळ, सगळं त्या हिशेबाने. कामासाठी वसईला येणारा माणूस आपल्या डोक्यातच नाही. उद्या विरारला बुलेट ट्रेनचं स्टेशन होणार आहे. त्या गाडीतून उतरणारा आमच्याच गेटवर येऊन उभा राहील.

मागणी मोठी नाही. एक, महापालिकेने प्रभाग पातळीवर अशा फ्लॅटची नोंदणी सुरू करावी. नोंद झाली की मालमत्ता कर आणि वीज व्यावसायिक दराने, आणि त्याच नोंदीची प्रत पोलीस ठाण्यात. दोन, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला पाणी-लिफ्टच्या वापराचं वेगळं शुल्क घेता यावं आणि फ्लॅटची संख्या ठरवता यावी. सरसकट बंदीपेक्षा ते बरं. तीन, इस्टेटवाल्यांनी मिळून वालीवमध्येच दहा-वीस खोल्यांचं स्वच्छ, पक्कं बिल देणारं पाहुणेघर उभं करावं. बाई एकटी आली तरी तिला दोनदा विचार करावा लागू नये, एवढीच कसोटी.

मागच्या सर्वसाधारण सभेत मी आमचा बोर्ड बदलायचा ठराव मांडला. बाजूने सात, विरोधात एकोणीस. तिसऱ्या मजल्याच्या आजी विरोधात होत्या आणि त्यांना मी दोष देत नाही. बोर्ड अजून तसाच आहे, खाली सही माझीच.

तुमच्या सोसायटीत कोणी यातून मार्ग काढला असेल तर खाली लिहा. पुढच्या महिन्यात आमचं आणखी एक यंत्र तयार होतंय. तपासायला कोण येणार ते कळलंय. उतरवायचं कुठे, ते अजून ठरलेलं नाही.