रत्नागिरीचं ऊन

कोल्हापुरातून पहाटेच गाडी काढली. आंबा घाटात काच खाली केली तर चांगलाच गारवा होता. पालीपर्यंत सदरा पाठीला चिकटला. कोकण आलं हे सांगायला पाटी लागत नाही.

टिळकांचं जन्मघर झटपट पाहिलं. रेंगाळलो ते थिबा पॅलेसमध्ये. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा आधी मद्रासला, मग इथं आणून ठेवला. राजवाडा बांधून मिळाला १९१०च्या सुमारास, आणि १९१६त राजा गेला. म्हणजे आयुष्य भाड्याच्या बंगल्यांत काढायचं आणि घर मिळालं की जायचं! दिल्लीचा बहादूरशहा रंगूनला, मंडालेचा धनी रत्नागिरीला. साहेबाचा हिशेब मोठा चोख. सागवानी नक्षीवर हात फिरवला, तर बोटांना धूळ. वरच्या अर्धगोल खिडक्यांतून ऊन असं काही आत येत होतं, की कैदेतही माणूस तासन्‌तास बसून राहिला असेल.

दुपारी मांडवीची काळी वाळू. चप्पल काढायची हिंमत झाली नाही. खाडीपलीकडे भाट्ये, तिथली वाळू पांढरी. एवढ्याशा अंतरात हा फरक.

जेवणात सुरमई ठीक, सोलकढी मात्र अप्रतिम. तीन वाट्या प्यायलो.

परतताना घाट उजेडात चढायचा म्हणून साखरप्याचा चहा टाळला. हिनं ते अजून माफ केलेलं नाही.