टेनिसची फायनल, रात्रीचं जेवण आणि तुमची शुगर

आमच्या लातुरात ओपीडीत स्कोअर विचारला जातो तो क्रिकेटचा. मला मात्र टेनिस बघण्याचं वेड लागलं नांदेडला मेडिकलला असताना, होस्टेलच्या टीव्हीवर बेकर आणि एडबर्ग बघून. पन्नाशी उलटली तरी ते गेलेलं नाही. "त्यात बघण्यासारखं काय असतं, डॉक्टर? चेंडू इकडून तिकडे," असं तुम्ही विचाराल, म्हणून आधी तेच सांगतो.

टेनिसला घड्याळ नसतं. शेवटचा पॉइंट पडेपर्यंत कोणीच हरलेलं नसतं. 2019 च्या विम्बल्डन फायनलमध्ये फेडररने 218 पॉइंट जिंकले, जोकोविचने 204. कप नेला जोकोविचने! फेडररला विजयासाठी एकच पॉइंट हवा होता, तशी संधी त्याला दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा जोकोविच निसटला. शिवाय तिन्ही टायब्रेक त्यानेच घेतले. किती पॉइंट जिंकले यापेक्षा कोणते जिंकले, हा सगळा खेळ. हे एकदा कळलं की 30-40 एवढा स्कोअर दिसला तरी तुम्ही आपोआप सरसावून बसता.

प्रत्यक्ष बघण्याची मजा आणखी वेगळी. 2018 पासून काही वर्षं पुण्यात बालेवाडीला एटीपीची स्पर्धा भरत असे. जानेवारी 2019 मध्ये तिथे फायनलला समोरासमोर होते 203 सेंटिमीटर उंचीचा केविन अँडरसन आणि 211 सेंटिमीटरचा, 39 वर्षांचा इवो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकला गेले, अँडरसन जिंकला. टीव्हीवर सर्व्हिसचा वेग आकड्यात दिसतो, स्टेडियममध्ये तो कानाला कळतो. आणि सर्व्हिसच्या आधीची ती शांतता! आपल्याकडे एवढी माणसं एकत्र येऊन गप्प बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

आता डॉक्टर म्हणून थोडं. अटीतटीच्या पॉइंटला रॅकेट तुमच्या हातात नसते, पण शरीराला ते कळत नाही. ॲड्रेनॅलिन वाढतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, तळहाताला घाम येतो. निरोगी माणसाला याने काही होत नाही, उलट मजा त्यातच आहे. हृदयरोग्यांनी मात्र जपावं. 2006 च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी नेहमीच्या 2.66 पट नोंदल्या गेल्या आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त होता. छातीत जड वाटलं तर "हा सेट संपू दे" म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा.

पण माझ्याकडे जास्त दिसते ती वेगळीच भानगड. 8 जून 2025 ची फ्रेंच ओपन फायनल आठवते? आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू झाली आणि 5 तास 29 मिनिटं चालली. अल्कराझ दोन सेट मागे होता, चौथ्या सेटमध्ये सिनरला विजयासाठी एकच पॉइंट हवा होता. तसे तीन पॉइंट वाचवून अल्कराझ जिंकला. माझे एक पेशंट, निवृत्त गृहस्थ, टेनिसचे माझ्याइतकेच वेडे. त्यांनी आठला इन्सुलिन घेतलं आणि "सेट संपला की जेवतो" म्हणून बसले. सेट संपेना. घाम, धडधड, हाताला थरथर. घरच्यांना वाटलं, मॅचच तशी आहे, त्यात लातूरचा जून. त्यांच्या पत्नीला शंका आली, कारण स्कोअर तोंडपाठ असणारा हा माणूस स्कोअर चुकीचा सांगायला लागला. शुगर तपासली तर 52. साखरपाणी दिलं, थोड्या वेळाने माणूस भानावर आला.

असं का होतं? शुगर उतरली की शरीर तेच ॲड्रेनॅलिन सोडतं, जे चुरशीच्या पॉइंटला सुटतं. त्यामुळे लक्षणं सारखीच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण वेळेवरच हवं. टीव्हीसमोर जेवू नका असं मी एरवी सांगतो, फायनलच्या दिवशी सूट आहे. ताट खुशाल तिथे आणा. शंका आली की शुगर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, मग जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

आणि एवढा वेळ एका जागी बसून राहू नका. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गेम झाले की खेळाडू बाजू बदलतात. पहिला गेम सोडला तर 90 सेकंद बसायला मिळतात, सेट संपल्यावर दोन मिनिटं. ते बसले की तुम्ही उठा, अंगणात एक चक्कर मारा, पाणी प्या.

यूएस ओपनची फायनल तेवढी मी रात्री बघत नाही. ती आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास किंवा नंतर सुरू होते आणि सकाळी ओपीडी असते. रेकॉर्डिंग संध्याकाळी बघतो. तोवर निकाल सांगायचा नाही, अशी कंपाउंडरला ताकीद आहे. पेशंटना कोण ताकीद देणार? एकाने बीपी मोजून घेता घेताच सांगून टाकला.