मऊ शेलच्या बाजूने

टर्बोचा दाब वाढवलेल्या, पंप चढवलेल्या डिझेल इंजिनात बेअरिंग कडकच हवं, यावर मी बरीच वर्षं कोणाशीही भांडायला तयार असायचो. लोधिवलीत, जुन्या मुंबई-पुणे हायवेलगत ट्रकची इंजिनकामं करताना हे मत पक्कं झालं होतं. त्यामागे हिशेबही होता. टाटाच्या गाड्यांत आलेलं कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन घ्या. पिस्टनचा व्यास १०२ मिलिमीटर. ज्वलनाचा दाब १५० बार धरला तर एका पिस्टनवर १२ टनांवर भार येतो आणि तो सगळा रॉडमधून क्रँकच्या ६९ मिलिमीटरच्या जर्नलवर उतरतो. मधे काय, तर बेअरिंगचा पातळ शेल. दाब वाढवला की भारही वाढणार, मग तिथे मऊ धातू घालायचा कशाला?

त्यात बाहेरच्या बातम्यांची भर. याच घराण्यातलं इंजिन अमेरिकेत १९८९ सालापासून डॉजच्या पिकअपमध्ये १६० अश्वशक्तीचं म्हणून येऊ लागलं, आणि तिकडच्या हौशी लोकांनी त्यातून हजारावर अश्वशक्ती काढली. २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर टाटाचे प्राइमा ट्रक शर्यतीत धावले, तेव्हापासून आमच्याकडचे चालकही ‘रेसवालं सामान’ मागू लागले. मीही खुशीत द्यायचो.

मन फिरलं ते क्रँक ग्राइंडिंगवाल्या काकांच्या टेबलावर. खडी वाहणाऱ्या दोन डंपरांचे उतरवलेले शेल शेजारी शेजारी पडले होते. एक तीन थरांचा: पोलादी पाठ, त्यावर तांबं-शिसं, वर शिसं-कथिलाचा राखाडी मुलामा. त्या मुलाम्यात काळे कण रुतून बसले होते आणि प्रत्येकाभोवती चकचकीत कडं होतं. कडेला एके ठिकाणी तांबूस रंग डोकावत होता, पण जर्नल गुळगुळीत. दुसरा शेल कडक अ‍ॅल्युमिनियमचा. त्यावर रेघा आणि जर्नलवरही तशाच, नख अडकेल इतक्या खोल. काका म्हणाले, “ह्यानं कचरा गिळला, त्यानं क्रँकला घासला. शेल कितीला येतो नि क्रँक कितीला, तूच बघ.”

मग मी वाचायला बसलो. १८८३ च्या सुमारास बोशॅम्प टॉवर या इंग्रज इंजिनिअरने चालत्या बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर त्यातून तेल उसळून आलं. लाकडी बूच ठोकलं तर तेही बाहेर ढकललं गेलं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं: फिरता जर्नल तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तिथे दाब तयार होतो आणि शाफ्ट त्या तेलावर तरंगतो. म्हणजे सगळं ठीक असेल तोवर धातूला धातू लागतच नाही. शेलला तेलातून येणारा ठोका वारंवार सोसावा लागतो, ते काम मधला तांब्या-शिशाचा थर करतो. वरच्या मुलाम्याची परीक्षा होते ती सुरुवातीला सेल्फ मारताना, तेलातून कचरा आला की, आणि बोरघाटात.

बोरघाट मुद्दाम सांगतो. भरलेली गाडी चढावर असताना चालक गिअर न उतरवता दाबत राहतो. टर्बो पूर्ण भरात, फेरे मात्र पडलेले. भार सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ, हे दोन्ही एकाच वेळी. ताकद वाढवलेल्या इंजिनात चालकाला ही सवय चटकन लागते, कारण गाडी ओढते. अशा वेळी वरचा थर थोडा झिजून जर्नलशी जुळवून घेणारा असला तर क्रँक वाचतो.

आणखी एक गोष्ट पटली. जास्त दाबाच्या युरोपियन ट्रक इंजिनांत स्पटर केलेला अतिकडक शेल असतो खरा, पण रॉडमध्ये तो ज्वलनाचा भार घेणाऱ्या वरच्या अर्ध्यात. जोडीचा खालचा अर्धा तुलनेने मऊ. कडकपणा कुठे हवा हे कारखान्याला नेमकं माहीत होतं, मी मात्र तो दोन्हीकडे मागत होतो. (हे अर्धे उलटे बसवू नका, एवढंच नव्या पोरांना सांगणं.)

आता ग्राइंड केलेल्या क्रँकवर मी तीन थरांचाच शेल घालतो, आणि वेळ घालवतो तो मोजमापात. जर्नलच्या इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हा जुना ठोकताळा, म्हणजे ६९ मिलिमीटरला ०.०७ च्या आसपास फट. कंपनीचा आकडा हाती असेल तर तोच धरायचा. ग्राइंडिंगवाल्याने जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई ठेवली का, आणि शेलची कड तिच्यावर चढत तर नाही ना, हे बघितल्याशिवाय मी बोल्ट आवळत नाही.

सगळंच मत बदललं असंही नाही. प्रत्येक धावेनंतर उघडणारं, तेल नवं, जर्नल कडक केलेला, असं निव्वळ स्पर्धेचं इंजिन कोणी आणलं तर कडक शेल बिनधास्त घालीन. खडीच्या गाडीला घालणार नाही, मालकाने वर पैसे दिले तरी.