नोंदवहीत नसलेले नाव

गेल्या आगमनकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या सोलापूरच्या धर्मग्रामातील एक आजी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. सारा जन्म त्यांनी विड्या वळण्यात घालविला. त्यांची नात वयाच्या पंधराव्या वर्षी आईवडिलांबरोबर आयर्लंडला गेली. तेथे प्रसूतिसेवेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करून ती नुकतीच एका रुग्णालयात रुजू झाली होती. आजींच्या मुद्रेवर मात्र आनंद नव्हता.

‘‘फादर, एवढं समुद्रापलीकडं जाऊन पोरगी शेवटी सुईणच झाली की!’’

मी हसून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर माझ्याही मनात क्षणभर तोच विचार डोकावला होता.

त्या रात्री मला आनंदीबाई जोशी आठवल्या. चौदाव्या वर्षी त्या माता झाल्या आणि अवघ्या दहा दिवसांत ते बाळ गेले. १८८३ साली, अठरा वर्षांच्या असताना, पतीला मागे ठेवून त्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा! क्षयाने खंगून त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या दुःखातून त्यांनी जे कार्य शिरावर घेतले, ते हलके कसे म्हणावे?

पण दोष केवळ आजींना का द्यावा? आपल्या ख्रिस्तसभेनेही येथे उशीर केला. बाळ दगावण्याचा धोका असेल तर सुईणीनेही त्याला स्नानसंस्कार द्यावा, असे ती शतकानुशतके शिकवीत आली. परंतु व्रतस्थ धर्मभगिनींना प्रसूतिकार्याची मुभा नव्हती. फाळणीपूर्व भारतात स्त्री-रुग्णांची सेवा केलेल्या डॉ. अ‍ॅना डेंगेल यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी भगिनीसंघ स्थापिला, तेव्हाही हे बंधन कायम होते. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने ते दूर केले. फारोची आज्ञा मोडून अर्भके वाचविणाऱ्या शिफ्रा व पुवा या सुइणींची नावे मात्र निर्गमाच्या पुस्तकात केव्हाचीच लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्नानसंस्काराची जुनी नोंदवही उघडली. आईवडील, धर्ममातापिता, धर्मगुरू, सर्वांची नावे तीत आहेत. ज्या हातांनी त्या बाळांना प्रथम झेलले, त्यांचे नाव कोठेही नाही. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही नाही. मला या जगात आणणारी सुईण कोण होती, हे मी आईला कधी विचारलेच नाही. आणि आता विचारायला आई राहिली नाही.

पुढच्या रविवारी मी आजींना सांगितले, ‘‘आजी, मी बाळाच्या मस्तकावर पाणी ओततो. त्याआधी कोणीतरी त्याला सुखरूप हाती घ्यावे लागते. तुमची नात ते करते.’’

आजी काही बोलल्या नाहीत. वेदीपाशी जाऊन त्यांनी एक मेणबत्ती लावली. नातीचे नाव घेऊन आम्ही दोघांनी प्रार्थना केली. आणि माझ्या त्या अनाम सुईणीसाठी मी मनातल्या मनात आणखी एक.